दोघांची वाकळ

त्या उन्हाळ्यात तीनच वाकळा शिवायच्या असं सासूबाईंनी ठरवलं, आणि त्या तिन्हींत माझी नव्हती. माझा संशय तिथून सुरू झाला. तसा तो सुरू व्हायला मला फारसं कारण लागत नाही. हिमायतनगरला माहेरी असताना दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय मी भांडं पुढं करत नसे. आई म्हणायची, ह्या पोरीला देवानं हातात प्रसाद ठेवला तरी ही आधी हुंगून बघंल. पण संशयी माणूस दर वेळी चुकतोच असं नाही, एवढं आईला कुणी सांगायला हवं होतं.

सासर निलंग्याचं. रस्त्याला लागून किराणा दुकान, मागं घर. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि जो तो काही काम नसलं तरी लातूरला जाऊन येत होता. दुसरीकडं पावसानं दोन वर्षं तोंड फिरवलं होतं. गावात तिसऱ्या दिवशी टँकर यायचा, तोही येईलच असं नाही. दुकानात माणसं यायची, पण घेण्यापेक्षा बसायलाच जास्त.

शाळांना सुट्ट्या लागल्या की मोठी नणंद मुलांना घेऊन नांदेडहून यायची, आणि आमच्याकडं वाकळांचा हंगाम सुरू व्हायचा. येताना ती जुन्या कपड्यांचं एक गाठोडं आणायची, घरातलं एक निघायचं, आणि पहिल्या दुपारी सासूबाई मधल्या खोलीत पाय पसरून बसायच्या. त्यांना सगळं घर अव्वा म्हणायचं, मीही म्हणायचे. कुणाची वाकळ फाटली, कुणाकडं बाळंतपण आहे, कुणाचं लग्न ठरतंय, हे सगळं बघून ह्या सुट्टीत कोणकोणत्या वाकळा घ्यायच्या ते त्या ठरवायच्या. एरवी पाच-सहा व्हायच्या. त्या वर्षी अडचण पाण्याची होती. जुनं कापड धुतल्याशिवाय वाकळीत घालता येत नाही. मळक्या कापडात सुई अडते, आणि घामाच्या वासाला मुंग्या लागतात. अव्वांनी रांजणात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, जेवढं पाणी तेवढ्याच वाकळा.

पहिली सासऱ्यांची. तिच्याबद्दल वादच नव्हता, कारण त्यांच्या वाकळीला एवढं मोठं भोक पडलं होतं की सकाळी उठताना त्यांचा पाय त्यात अडकायचा. दुसरी नणंदेच्या धाकट्याची, मऊ धोतराची, छोटी. तो अजून रात्री अंथरूण ओलं करायचा. तिसरी सांगताना अव्वा थांबल्या आणि म्हणाल्या, "एक मोठी. दोघांची."

कुणा दोघांची ते सांगतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी सांगितलं नाही. आमची वाकळ मी मुद्दाम गाठोड्यावर अगदी वर ठेवली होती, माझ्या बाजूला पडलेलं भोक दिसेल अशी. अव्वांनी ती उचलली, घडी घातली आणि बाजूला ठेवली. अजून एक हिवाळा निघंल, म्हणाल्या.

घरात जोडपं म्हणावं असं आम्हीच होतो. सासू-सासरे कधीचे वेगवेगळ्या खोल्यांत निजायचे. लग्नाचा दीर नव्हता. मग हे दोघं कोण? मी नणंदेला विचारलं तर ती सुईत दोरा ओवत म्हणाली, असू दे की, कुणाला तरी लागंलच. ही बाई शेजारणीच्या वरणात मीठ कमी होतं की जास्त हेसुद्धा न विचारता सांगणारी. तिनं एवढ्याशा शब्दांत विषय मिटवला, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

आता मुद्द्याचं सांगते. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. कुणी तोंडावर बोलत नव्हतं, पण बारशाला मला पाळण्याजवळ बोलवायचं लोक विसरायला लागले होते. नणंदेच्या सासरकडची एक पुतणी लग्नाची होती आणि तिचा विषय मागच्या दिवाळीपासून आमच्या घरात उगाचच निघायचा. स्वयंपाकाला चांगली आहे, गोरी आहे, दहावी झालीय. मुलगी चांगली असेल तर तिच्या घरी सांगा की, मला कशाला सांगता?

त्यात ह्यांच्या लातूरच्या फेऱ्या. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या. कचेरी आली की कागद आले, फायली आल्या, कार्बन आला, शाई आली. किराण्यात काही राहिलं नव्हतं म्हणून हे तिथं कागदाचं दुकान टाकायच्या खटपटीत होते. दुकान म्हणजे खोली आली, खोली म्हणजे चूल आली. चुलीपुढं कोण बसणार, हे मी एकदा विचारलं. अव्वा काय म्हणतात बघू, एवढंच म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले. गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या होत्या, आमच्या घरात मात्र कुठं तरी पाणी मुरत होतं.

वाकळ कडेनं शिवत आत जायचं असतं. थर अंथरायचे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आणि एकेका बाजूला एकेक बाई बसून टाके घालत घालत मध्याकडं सरकायचं. म्हणजे आम्ही तिघी रोज थोड्या थोड्या जवळ येत होतो, आणि रोज थोडं थोडं कमी बोलत होतो. मी पाण्याला उठले की मायलेकी कानडीत बोलायच्या. त्या घरात निम्मं बोलणं कानडीत चालायचं आणि मी तेलंगणाच्या अंगाची, मला ते येत नसे. पण चार वर्षांत भिंतीलासुद्धा थोडं कळायला लागतं. सोसे म्हणजे सून आणि होस म्हणजे नवं, एवढं मला कळत होतं. हे दोन शब्द मी एका दुपारी दारामागं उभं राहून एकापाठोपाठ एक ऐकले.

दुसऱ्या दिवशी अव्वांनी आपल्या पेटीतून लग्नातलं इरकल काढलं. गडद लाल, काठाला जराही धक्का नाही. मोठ्या वाकळीच्या थरांत त्यांनी ते स्वतःच्या हातानं पसरलं आणि त्याच्यावर दुसरं लुगडं घातलं. त्या घरात रीत होती: नवी सून आली की सासूनं आपलं लग्नातलं लुगडं तिच्या वाकळीत घालायचं. माझ्या वेळी लग्न घाईत झालं, पुढं बघू, असं मला सांगितलं होतं. मी तेव्हा विश्वास ठेवला होता. आयुष्यात एकदाच ठेवला आणि तो असा. माझे टाके त्या दिवशी बोटभर लांब पडायला लागले. नणंद म्हणाली, अगं, वाकळ शिवून राहिलीस का पोतं?

अखेर मध्ये हातभर जागा उरते, वरच्या कापडाचा जोड तिथं उघडा ठेवलेला असतो; तिला पोट म्हणतात. पोट बंद करण्याआधी आत ज्वारीचे चार दाणे टाकायचे आणि जो त्या वाकळीत निजणार त्याचं नाव घ्यायचं. वाकळ उपाशी ठेवली तर निजणाराचं पोट भरत नाही, असं अव्वा सांगायच्या. सासऱ्यांच्या वाकळीचं पोट त्यांचं नाव घेऊन बंद झालं. नातवाचं नाव तर अव्वांनी लाडानं दोनदा घेतलं. मोठी वाकळ मात्र पोट उघडं ठेवून, गुंडाळून फळीवर गेली. मी विचारलं, तर म्हणाल्या दाणे निवडायचेत. चार दाणे निवडायला पाच दिवस!

सहाव्या दिवशी टँकर आला. नणंद मुलांना घेऊन घागरी भरायला गेली, अव्वांचा डोळा लागला होता. मी वाकळ खाली काढली आणि पोटात हात घातला. वरचं लुगडं सुती, त्याच्याखाली इरकल. रेशमी काठ बोटाला लागला. दोरा कापायचं जुनं ब्लेड टोपलीत होतंच. कुणी तरी नवी येणार, लातूरच्या खोलीत ही वाकळ अंगावर घेणार, आणि मी इथं दुकानामागं तांदूळ निवडत बसणार. मी आतल्या आत ते लुगडं कापलं. हात जाईल तिथपर्यंत, आडवं. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. मग मी वाकळ होती तशी गुंडाळून ठेवली.

दोन दिवसांनी सकाळी बाहेरून आले तर मायलेकींचं भांडण चाललेलं, सगळं कानडीत, आणि ह्या वेळी मी आत आले तरी थांबलं नाही. सुट्टी अजून पंधरा दिवस होती, पण नणंदेनं त्याच दिवशी पिशव्या भरल्या आणि मुलांना घेऊन नांदेडची बस धरली. जाताना माझ्याशी बोलली नाही, आईच्याही पाया पडली नाही.

दुपारी अव्वा मोठी वाकळ घेऊन एकट्या बसल्या. मी चुलीपुढून बघत होते. त्यांनी पोटात हात घातला, बराच वेळ घातलेलाच ठेवला. मग दाणे टाकले. ओठ हलले, पण नाव ऐकू आलं नाही. मला वाटलं उठावं आणि विचारावं. मी चुलीत लाकूड पुढं सारलं. पोट शिवून झाल्यावर त्यांनी दोरा दातानं तोडला आणि दूध उतू चाललंय ते बघ म्हणाल्या.

आठवड्यानं हे म्हणाले, लातूरला खोली मिळाली, तुझी पेटी भर. मी विचारलं, कुठं सोडणार आहात मला? हिमायतनगरला? हे माझ्याकडं बघतच राहिले. आपल्याला लातूरला जायचंय, म्हणाले. तरी मी पेटी भरताना माहेरचे दागिने वेगळे, कमरेला बांधले. काय सांगावं!

अव्वा बस स्टँडवर आल्या. त्या कधी कुणाला पोचवायला यायच्या नाहीत. काखेत ती वाकळ. हे पेटी घेऊन टपावर चढले होते, तेव्हा अव्वांनी ती माझ्या हातात दिली.

"आतलं लुगडं जोडलं न्हाई मी," त्या म्हणाल्या. "पोट बंद करायच्या आधी जोडता आलं असतं. तसंच राहू दिलं."

मी विचारलं, "अव्वा, शिवायला घेतली ती कुणासाठी?"

"तिच्यासाठी." त्यांनी नजर चुकवली नाही. "माझ्या पोरीचं ऐकलं मी. पोटापर्यंत शिवली तिच्या नावानं. मग पुढं सुई जाईना. पोट तसंच ठेवलं, म्हटलं बघू. तू कापलेलं हाताला लागलं तवा लई राग आला. दोन दिस राग केला. मग म्हटलं, हिला घरात ठिवून दुसरी आणली, तर मला झोप येनार हाय का?"

"आणि नाव?"

"तुझं घेतलं."

मी रडले. स्टँडवर, माणसांसमोर. अव्वांनी पदरानं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच पुसलं. टपाकडं बघून मी हळूच विचारलं, ह्यांना माहीत होतं का? त्या लगेच म्हणाल्या, न्हाई, त्याला काईच ठाव न्हाई. एवढं मात्र त्या बसच्या चाकाकडं बघून म्हणाल्या.

औशापर्यंत मी ह्यांच्याकडं तिरक्या नजरेनं बघत होते. मग स्वतःलाच दटावलं. म्हटलं, बाई, एकदा तरी चांगलं झालंय ते चांगलं म्हणून घे. लातूरला खोलीवर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. भिंतींना नवा चुना, कोपऱ्यात एक रिकामा माठ. मी पाणी कुठं मिळतं ते विचारून आले, तोवर ह्यांनी वाकळ उलगडून जमिनीवर अंथरली होती. मध्यावर, जिथं शेवटचे टाके होते, तिथं हात फिरवत होते.

"अव्वानं शेवटी पोट बंद केलं म्हणायचं," ते म्हणाले.

बायकांच्या शिवणकामात कधी डोकावलेही नव्हते हे. मी दारात उभी राहून म्हटलं, हो, केलं. नाव कुणाचं घेतलं हे त्यांनी विचारलं नाही. मी वाट पाहिली, पण त्यांनी विचारलंच नाही. मग मी येऊन त्यांच्या शेजारी बसले आणि बरोबर आणलेलं भाकरीचं फडकं सोडलं.