शेवटचं वाक्य कुणाचं

दुपारचं जेवण आटोपून अवंती आडवी होते. सकाळच्या रेडिओवाल्यांची रात्र दुपारीच उगवते. पहाटे मेलबर्नला उठवायचं, हसवायचं, आणि शहर कामाला लागलं की आपण पडदे ओढून पडायचं. पण आज झोप कसली! बाहेर हॉलमध्ये बाबा क्रिकेटची मॅच लावून बसलेत आणि इकडे तिच्या डोक्यात एकच गोष्ट गरगरतेय. केव्हिनला चारच्या आत काय सांगायचं?

केव्हिन म्हणजे तिच्या रेडिओ स्टेशनचा मॅनेजर. माणूस वाईट नाही, फक्त सदा घाईत. डग पॅटरसन गेला तेव्हा तोही रडला होता. आणि का नाही रडणार? अख्ख्या ऑस्ट्रेलियाला हसवलेला माणूस तो. आधी टीव्हीवर, मग म्हातारपणी रेडिओवर, आणि रेडिओवर त्याच्या समोरच्या खुर्चीत वर्षानुवर्षं अवंती. महिनाभर स्टेशननं जुनी रेकॉर्डिंगं वाजवून वेळ मारून नेली. आज सकाळी पहिल्यांदा अवंतीला एकटीला बसवलं आणि तिनं माती खाल्ली.

बाबांची गोष्ट सांगत होती. छान रंगली होती. अन् शेवटच्या वाक्यापाशी येऊन बाई थांबली. वाट बघत बसली. कुणाची? समोरच्या रिकाम्या खुर्चीची! कारण शेवटचं वाक्य नेहमी डगचं असायचं. रेडिओवर शांतता लांबली की मशीन आपणहून गाणं लावतं. तसं ते लागलं आणि सगळ्या शहरानं ऐकलं.

"सिडनीहून एक जण आणतो," केव्हिन म्हणाला होता. "विनोद तो करेल. तू पूर्वीसारखी समोर बसून हस. नाहीतर उद्या एकटीनं कर, पण पुन्हा गाणं लागलं तर कार्यक्रम बंद. चारपर्यंत सांग."

नुसतं हसायला बस म्हणे! तिला राग येतो, मग भीती वाटते, मग पुन्हा राग येतो. कॉमेंट्रीचा आवाज हळूहळू लांब जातो. पापण्या जड होतात.

पलंगाच्या कडेला बसून डग मोजे काढतोय.

"काय करून राहिली?" तो विचारतो.

"झोपून राहिले," अवंती म्हणते, आणि मग तिच्या लक्षात येतं की हा मराठीत बोलतोय. तेही नागपुरी! जन्मभर ज्याला साधं 'नमस्कार' धड म्हणता आलं नाही, तो आज बाबांसारखा बोलतोय. पण स्वप्नात कोण हरकत घेतं?

"डग, तू गेलास ना रे?"

"गेलो ना. पन पाय दुखून राहिले. चहा टाक न् बाप्पा."

ती चहा टाकायला स्वयंपाकघरात जाते. ओट्याच्या जागी पुठ्ठ्याचं किराणा दुकान उभं आहे. वरून दिव्यांचा भाजून काढणारा उजेड. तिच्या अंगावर साडी आली आहे, ती सुद्धा कुणीतरी उलट्या खांद्यावरून नेसवलेली. हा तर डगच्या शनिवारच्या टीव्ही कार्यक्रमाचा सेट! इथेच तिला पहिलं काम मिळालं होतं. गल्ल्यामागे उभं राहून विचारायचं, "काय देऊ, साहेब?" बस्स. मग डग शिडीवर चढणार, डाळीच्या बरण्यांसकट धाडकन पडणार आणि घराघरांत लोक पोट धरून हसणार. त्या पडण्यावर त्यानं मोठं नाव कमावलं होतं.

आत्ता तो शिडीवर आहे. लाल केसांचा, तरणाबांड. ती विचारते, "काय देऊ, साहेब?" तो पडतो. पण उठतो तो म्हातारा होऊनच, केस पांढरे. कुणीच हसत नाही. दिवे एकेक करून विझतात.

"टीव्हीवाल्यांनी काढलं मले," तो कपडे झटकत म्हणतो. "म्हने, नवीन पोरं पाहिजेत."

तो शिडी काखेत मारून चालू लागतो आणि अवंती त्याच्या मागून. दुकानाचे पुठ्ठे संपतात तिथे त्यांचा रेडिओ स्टुडिओ आहे. तेच टेबल, तेच दोन माइक. डग आपल्या खुर्चीत टेकतो. तिला त्याची इतकी आठवण आलीय की त्याच्या गळ्यात पडावंसं वाटतं. पण सकाळचा राग अजून उतरलेला नाही.

"मला इथे कशाला आणलंस रे तेव्हा?" ती विचारते.

"हसायले," तो सरळ सांगतो. "इथं पब्लिक दिसत नाही ना. विनोद केला की कुठं जाते, कायच समजत नाही. पहिले काही महिने मी घरी जाऊन रडलो. मग तुले समोर बसवलं. तू हसली की मले समजे, लोक हसले."

"आणि माझ्या बाबांच्या गोष्टी? त्या मी आणत होते!"

"हो ना. मस्त होत्या."

"मग शेवटचं वाक्य दर वेळी तुझं कसं?"

डग तिच्याकडे खरोखरच नवलानं बघतो. "तूच तर थांबायची! पहिल्याच दिवशी थांबली. माझ्याकडे पाहून राहिली. मले वाटलं, तुमच्यात गोष्ट अशीच सांगतात. अर्धी."

अवंती कपाळावर हात मारते. अरे देवा! ती थांबली होती ती त्याला मान द्यायला. मोठा माणूस समोर बसलाय, शेवटचा घास त्याला द्यावा, म्हणून. घरात बाबांच्या आधी कुणी ताटावरून उठत नव्हतं, तसंच हे. आणि हा गोरा गृहस्थ समजला की हीच आपली पद्धत! इतकी वर्षं दोघंही अगदी सभ्यपणानं चुकत राहिले.

"बोलायचं ना मग!" डग म्हणतो.

"तू विचारायचं ना!"

"चाल," तो उठतो. "आता बोल."

स्टुडिओच्या काचेपलीकडे इंजिनिअरची खोली नाही, तर कुठल्याशा आडगावातला पत्र्याचा हॉल आहे. डगनं जिथे सुरुवात केली होती तो. बाकांवर मेंढ्यांची लोकर कातरणारे गडी हाताची घडी घालून बसलेत. लोकरीचा आणि घामाचा वास भरून राहिलाय. एकाच्याही चेहऱ्यावरची रेष हलत नाही.

"हे हसायचे नाहीत," अवंती कुजबुजते.

"मलेही हसले नव्हते. एकानं जोडा फेकून मारला होता."

माइक नाही. ती पुढे होते, पदर खोचते आणि बाबांची गोष्ट सुरू करते. बाबा नवेनवे मेलबर्नला आले, रस्त्यात दिसेल त्याला नमस्कार करू लागले. कुणी थांबेना. एके दिवशी एक माणूस थांबला, त्याला रेल्वे स्टेशनचा रस्ता हवा होता. बाबांना कुठे ठाऊक होता? पण थांबलेला माणूस सोडायचा कसा! दोघांनी मिळून स्टेशन शोधलं. बाबा त्याच्याबरोबर गाडीत बसले, त्याच्या घरी गेले, चहा प्यायले. इकडे घरी रडारड, पोलीस, शेजारीपाजारी. दिवेलागणीला बाबा हलतडुलत परत आले आणि म्हणाले...

ती थांबते. सवयीनं मान डगकडे वळते. डगही सवयीनं तोंड उघडतो.

"गप्प बस!" अवंती ओरडते. "बाप माझा आहे!"

आणि ती गड्यांकडे वळून, छाती भरून, हॉलचा पत्रा थरथरेल अशा आवाजात म्हणते, "उशीर झाला बाप्पा, पन त्याच्या पोरीचं जमवूनच आलो!"

क्षणभर काहीच नाही. ती घाबरत नाही, उभी राहते. मग पुढच्या बाकावरचा एक दांडगा गडी फुसकन हसतो. त्याच्या मागचा हसतो. बाक कुरकुरतात, बूट आपटतात. "ऐकू नाही आलं!" मागून कुणी ओरडतो, की ती अजून जोरात म्हणते. पुन्हा. पुन्हा. आणि डग, ज्याच्या समोर बसून ती जन्मभर हसली, तो तिच्या विनोदावर घोड्यासारखा खिंकाळत हसतोय, डोळे पुसतोय, जमिनीवर बसकण मारतोय.

"जमलं वं!" तो म्हणतो.

"अवू! अगं अवू!"

बाबा दारात उभे आहेत, हातात टीव्हीचा रिमोट. पडद्याच्या फटीतून ऊन आत आलंय.

"पोरीचं जमवूनच आलो असं कोन बोंबलून राहिलं?" ते विचारतात. "मी तर नाही बोंबललो."

अवंती बोलायला जाते तर घशातून खरखर निघते. आवाज साफ बसलाय. गिळताना दुखतंय. ती गळ्यावर हात ठेवून हसू लागते, हसताना डोळ्यांत पाणी येतं आणि बाबा बिचारे गोंधळून मीठ-पाणी आणायला जातात. ती उशाचा फोन घेते.

"केव्हिन, उद्या मी करतेय. एकटी. सिडनीवाल्याला नाही म्हणून कळव."

"नक्की?" केव्हिन म्हणतो. "आणि तुझ्या आवाजाला काय झालं?"

"काही नाही," अवंती म्हणते, "आत्ताच एक कार्यक्रम करून आले."