फुदकत आलेली गौर

तेरडा चुरगळला की येणारा ओला, हिरवा वास नाकात शिरला की मला धारच्या तळ्यावरून खड्यांच्या गौरी आणल्या ती सकाळ आठवते. मी नववीत होते. हातातल्या ताम्हनात सात खडे आणि तेरडा, तोंडात पाण्याची चूळ, म्हणजे घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही. बरोबर नवी वहिनी होती, जवळच्या बाग गावच्या माहेरची, मराठीत हिंदी शब्द मिसळून बोलणारी. दारात आत्या विचारेल त्याचं उत्तर ती वाटभर पुटपुटत होती, कारण आत्याच्या रागाला आम्ही सगळेच भ्यायचो. आत्यानं पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" तेवढ्यात तेरड्यातून एक हिरवागार नाकतोडा निघाला, खड्यांवर क्षणभर टेकला आणि टुणकन उंबरा ओलांडून आत गेला. 'सोन्याच्या पावलांनी' हे पाठ केलेलं विसरून वहिनी म्हणाली, "आत्याबाई, ही तर फुदकत आली." 'उड्या मारत'साठी तिला हिंदी शब्दच सुचला. मला हसू आवरेना, आणि चूळ थेट आत्याच्या पदरावर उडाली. आत्यानं पदर झटकला, रांगोळीच्या पावलावर बसलेल्या त्या पाहुण्याकडे पाहिलं, लांबूनच त्याच्यावर हळदकुंकू टाकलं आणि म्हणाली, "फुदकत तर फुदकत. आली ना?" मग घर हसलं ते आरतीपर्यंत. आत्या आता नाही. यंदा दारात वहिनीनं विचारलं, तिची नवी सून 'सोन्याच्या' म्हणू लागली, तशी वहिनी हळूच म्हणाली, "नाही बेटा, आपल्याकडे फुदकत येते."