काडी कोरडी होती

माझा मामा पोहायला गेला नव्हता.

आज वर्ष झालं. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर तेच फिरतंय, पोहण्याची हौस नडली म्हणून.
एकदाच लिहिते. नीट वाचा.

कोकणातल्या एका होमस्टेमध्ये आम्ही तिघं होतो. मामा, मामी आणि मी. साठी उलटल्यावर मामा पहिल्यांदा समुद्र बघत होता.

समोर, खाडीच्या तोंडाशी, ओहोटीला वाळूचा एक लांब पट्टा उघडा पडतो. तिथं जाऊन बसलं तर चालेल का, पाणी परत कधी येतं, हे मामाने मालकाला विचारलं होतं. मी शेजारी उभी होते.
मालकाने फोनमधून मान वर केली नाही. "आरामात जा. सगळे जातात."

त्या दिवशी उधाण होतं, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर चढणार होतं. त्याने स्वतःची होडी पहाटेच माडांपर्यंत ओढून बांधली होती.
हे मला नंतर त्याच्याच माणसाने सांगितलं.

सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून आम्ही पट्ट्यावर गेलो. मामाने पाणी डोक्याला लावलं आणि सवयीने "नर्मदे हर" म्हणाला. मग स्वतःच हसला. "आपलं पाणी शेवटी इथंच येतं ना."

आम्ही जबलपूरचे. उन्हाळ्यात नर्मदा उतरली की मधल्या वाळूवर जायचं, डबा खायचा, आडवं व्हायचं. वरच्या धरणातून पाणी सोडलं तर कळावं म्हणून काठाशी एक काडी रोवायची. काडी भिजली की उठायचं.

मामाने तिथंही काडी रोवली. समुद्राच्या बाजूला.
मामी दोनदा म्हणाली, निघू या.
"काहून घाबरून राहिली? काडी कोरडी आहे ना."

कोरडीच होती. त्या बाजूचा उतार उभा होता, पाणी चढलं तरी काडीपर्यंत पोचत नव्हतं.
पाणी मागून आलं. खाडीच्या तोंडातून, आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये.

मी सिव्हिल इंजिनीअर आहे. असा पट्टा आधी मागून भरतो, हे एका वाक्यात सांगता येतं. तिथं राहणाऱ्याला ते रोज दिसतं. ते एक वाक्य त्याने सांगितलं नाही.

मामा घाबरला नाही. मला म्हणाला, तू पुढे हो, मामीला मी आणतो. मामीला पोहता येत नाही. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा त्याने तिला माझ्याकडे ढकललं. तिचं मनगट माझ्या हातात आलं.
त्याचे पाय वाळूवरून सुटले.

लोक समुद्राकडे शोधत राहिले. मी सांगत होते, भरती आत जाते, खाडीत बघा. कुणी ऐकलं नाही.
संध्याकाळी मामा खाडीतच सापडला.

दुसऱ्या दिवशी पेपरात मालकाचं म्हणणं छापून आलं. पाहुण्यांना सूचना दिली होती, तरी ते पोहायला उतरले.
मला कुणी विचारलं नाही. मामीलाही नाही.
आणि ती बातमी आपल्याच लोकांनी हात जोडून शेअर केली.

तेराव्याला जबलपूरला, गढ्याच्या घरी एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, पाण्याचा माणूस, पाण्यातच गेला, छान मरण आलं.
मामी चार लोकांत कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली.
"छान नव्हतं, काकाजी. मी त्यांचा चेहरा पाहिला."


त्या होमस्टेच्या पेजवर 'ओहोटीचा वॉक' अजून आहे. फोटो त्याच पट्ट्याचा. मी खाली लिहिलं की भरतीची वेळ बघितल्याशिवाय जाऊ नका. त्यांनी ते काढून टाकलं.
मी परत लिहिलं. काढतील तितक्यांदा लिहीन.

ग्रुपवर ज्यांनी ती बातमी टाकली, त्यांनी ती आज डिलीट करा. आणि मामीला फोन करा. मला नको.

मामा, तू विचारून गेला होतास. हे मी कुणालाही खोडू देणार नाही.

भावपूर्ण लिहिणं आज जमत नाही. ही रागातली श्रद्धांजली घे.