पाण्याचा रंग

गोजराबाईच्या हातांवर अर्धं माहीम जन्माला आलं. हे माहीम मुंबईचं नव्हे हो! पालघरच्या पश्चिमेचं, पानवेलींचं आणि केळीच्या वाड्यांचं. गावात कुणाचं पोट दुखायला लागलं की आधी गोजराबाईला बोलावणं जायचं, मग देवाला. पण साठ सालाच्या सुमारास तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. हात तेच राहिले, शहाणे आणि ऊबदार, पण त्यांना डोळे लागायला लागले. ते डोळे लेकीचे, नर्मदेचे.

नर्मदा सातवीची फायनल परीक्षा पास होती. त्या काळात गावात फायनल झालेल्या मुली बोटांवर मोजाव्यात इतक्या. पण बापाने निकाल ऐकला आणि पुढच्याच महिन्यात सफाळ्याकडे तिचं लग्न लावून दिलं. दीड वर्षात नवरा तापाने गेला. नर्मदा एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली ती कायमचीच. पुढे बापही गेला. मग काय, विहिरीचं पाणी, चूल, आईचं अंग चेपणं आणि आईच्या मागे मागे दुसऱ्यांच्या बाळंतिणींच्या खोल्या. बत्तीस वर्षांची झाली तरी गाव तिला नुसतं नर्मदा म्हणेना. 'सुइणीची नर्मदा' म्हणायचं.

खोलीत नर्मदेचं काम एकच, पण मोठं. बाईचं पाणी सुटलं की गोजराबाई न वळता विचारायची, "कसं हाय?"

नर्मदा बघून सांगायची, "निर्मळ."

निर्मळ म्हटलं की गोजराबाई निवांत. पण पाणी हिरवट दिसलं तर पोर आत गुदमरतंय हे तिला पक्कं ठाऊक. मग ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. "टांगा आना. पालघरला न्या. आताच!" डोळे अधू झाल्यापासून अशा तिघीजणी तिने वेळेवर दवाखान्यात धाडल्या होत्या. तिघींची पोरं गावात हुंदडत होती.

त्रेसष्ट सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. शाळेचे हेडमास्तर कमलाकांत गुरुजी स्वतः चालत गोजराबाईच्या ओटीवर आले. तिसरीच्या इंदुमतीबाईंना दिवस गेले होते, लग्नानंतर तब्बल नऊ वर्षांनी. त्या तीन महिन्यांच्या रजेवर निघाल्या होत्या.

"तोवर वर्ग सांभाळायला बदली शिक्षिका हवी," गुरुजी म्हणाले. "नर्मदा फायनल आहे. काम बरं दिसलं तर पुढे कुठे ना कुठे जागा निघेलच."

नर्मदा दाराआड उभी. तिने आईकडे बघितलं.

"जा गो," गोजराबाई म्हणाली. "माझ्या मागं किती दिस घंगाळं उचलनार?"

"आणि तुला बोलावणं आलं तर?"

"शाळा काय समुद्रापल्याड हाय? निरोप धाडीन. धाडला की मातर यायचं."

"येईन," नर्मदा म्हणाली. असा तो साधा करार. त्यात शपथ नव्हती की आणाभाका नव्हत्या, मायलेकींत कशाला लागतात?

पहिल्या दिवशी तिसरीच्या वर्गात चाळीस पोरं उभी राहिली आणि एका सुरात ओरडली, "नमस्ते बाई!" बाई! आजवर नर्मदेला बाई म्हणालं होतं कोण? आठ दिवसांत तिचा आवाज बदलला. चालही बदलली. खडू बोटांत असा धरायची की जणू जन्मापासून तोच धरत आलीय. संध्याकाळी आईचे पाय चेपताना पोरांच्या गमती सांगायची, आणि गोजराबाई गालातल्या गालात हसायची. तेरा वर्षांत त्या घरात एवढं हसू नव्हतं, खरं सांगते.

मधल्या काळात दोनदा निरोप आला. दोन्ही वेळा नर्मदा वर्ग अर्धवट सोडून धावली. दुसऱ्या खेपेला कवितेच्या मध्येच उठली, तेव्हा मागच्या बाकावरचा एक वात्रट कार्टा म्हणाला, "बाई चालल्या सुईणपणाला!" सगळा वर्ग खिदळला. नर्मदेने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण ते आत कुठेतरी कुसळासारखं रुतून बसलं.

पौषात दिपोट्यांची तपासणी ठरली. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. त्यांनी शेरेबुकात चार बरे शब्द लिहिले तर बदलीवरच्या बाईला पुढचा रस्ता मोकळा, नाहीतर पुन्हा चूल आणि विहीर. नर्मदेने आठ दिवस तयारी केली. इंदुमतीबाईंचे दिवसही तेव्हाच भरत आले होते.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी गोजराबाई म्हणाली, "शाळेतून एक कागद आनशील? मास्तरनीचं लेकरू हाय. पाचवीला कागद चांगला पायजे. रेघांचा नको. कोरा."

बाळाच्या पाचव्या दिवशी सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि बोरू ठेवायचा. गावातल्या कितीतरी पोरांसाठी गोजराबाईने नर्मदेच्याच वह्यांची पानं फाडली होती. लहानपणी त्यावरून नर्मदा रडायचीसुद्धा. आता हसून म्हणाली, "आणलाय कधीचाच." चांगला जाड फुलस्केप होता. घडी घालून तिने तो पिशवीत जपून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दिपोटी चौथीच्या वर्गात बसले होते, पुढचा वर्ग तिसरीचा. नर्मदेने फळ्यावर किनारा काढला होता. सातपाटी, शिरगाव, माहीम, केळवे, एकेक गाव पोरांनी येऊन दाखवायचं. तेवढ्यात खिडकीत लाडकी दिसली, इंदुमतीबाईंच्या घरी धुण्याभांड्याला असलेली. धापा टाकत होती.

"नर्मदाताई, चला! बाईंचं पानी सुटलंय. आजी म्हनतात, नर्मदेला घेऊनच ये."

नर्मदेच्या हातातला खडू तसाच राहिला. पलीकडून चौथीच्या पोरांचा पाढ्यांचा आवाज येत होता. गुरुजींनी व्हरांड्यातून सगळं ऐकलं. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "जायचं असेल तर जा. साहेबांना मी सांगेन."

बघा, तिला कुणी अडवलं नव्हतं. दार उघडं होतं. हेच तर पुढे जन्मभर तिच्या जिवाला लागून राहिलं.

"नको गुरुजी," नर्मदा म्हणाली. "पहिलटकरीण आहे. संध्याकाळ होईल. आईच म्हणते नेहमी, पहिल्या खेपेला घाई नसते." आणि खिडकीकडे वळून, "लाडके, सांग तिला, तासाभरात आले."

"पन आजी म्हनल्या—"

"सांगितलं ना एकदा!"

तो आवाज शाळेतल्या बाईचा होता. लाडकी आल्या पावली पळाली.

वर्ग छान झाला. फारच छान झाला. मागच्या बाकावरच्या त्या वात्रटानेसुद्धा केळवं बरोबर दाखवलं. दिपोट्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'वर्ग शिस्तीत. शिक्षिका होतकरू, पुढे संधी द्यावी.' मग त्यांनी चहाला थांबवून विचारलं, फायनल कुठल्या साली, किती गुण, इतकी वर्षं काय करत होतात. नर्मदेने बशी हातात धरून सगळं सांगितलं. सुईणपणाचं तेवढं सांगितलं नाही. चहा प्यायला अर्धा तास गेला असेल. तेवढं तरी टाळता आलं नसतं का तिला?

इंदुमतीबाईंच्या दारात टांगा उभा होता. रिकामा. घोडा वैरण खात होता आणि घरातून आवाज म्हणून येत नव्हता.

झालं होतं ते असं. सासू सोवळ्यातली, उंबऱ्याबाहेर जप करत बसलेली. आत फक्त गोजराबाई आणि लाडकी, त्यातली लाडकी निरोपाला पळालेली. लाडकी परत आल्यावर गोजराबाईने तिला दोनदा विचारलं, "पानी कसं हाय गो?" लाडकी बिचारी काय जाणे! "पान्यासारखं पानी हाय आजी," म्हणाली. बऱ्याच वेळाने पातळ गोळा करताना तिच्या तोंडून निघालं, "शेवाळं लागल्यागत काय ते?" तेव्हा गोजराबाई किंचाळलीच, "टांगा!" टांगा येईपर्यंत मूल जन्मलं. मुलगा होता. गोजराबाईने त्याला उलटा धरला, चोळला, तोंडात फुंकर घातली. तो रडलाच नाही.

नर्मदा पोचली तेव्हा गोजराबाई मागच्या पायरीवर बसली होती, हात गुडघ्यांवर पालथे टाकून. सासू भिंतीला टेकून उभी होती. ती नर्मदेकडे बघून म्हणाली, "तू कुठे होतीस गं? तू असतेस ना नेहमी?"

नर्मदेने तोंड उघडलं. पण गोजराबाई आधी बोलली.

"मीच निरोप धाडलेला तिला, घाई नाय म्हनून. शाळेत सायेब येनार होते. चूक माझी हाय वयनी. डोळे गेले, अक्कल पन गेली म्हातारीची."

लाडकी कोपऱ्यात होती. तिने एकदा गोजराबाईकडे बघितलं, एकदा नर्मदेकडे. मग बादली उचलली आणि न्हाणीकडे गेली.

नर्मदेने तेव्हाच बोलायला हवं होतं. तिथल्या तिथे, सासूसमोर. जीभ टाळूला चिकटली म्हणतात ना, तसं झालं. खरं तर तसंही नव्हे. ती घाबरली होती आणि आतून सुटल्यासारखंही वाटलं होतं तिला. त्या सुटकेचीच तिला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटली.

घरी येताना वाडीच्या वाटेवर ती म्हणाली, "आई, तू खोटं का बोललीस?"

गोजराबाई तिचा दंड धरून चालत होती. "तुला उद्या पोरांसमोर उभं राहायचंय," ती म्हणाली. "मला कुठं जायचंय?"

आणि खरंच, त्यानंतर तिला कुठे जावं लागलंच नाही. शाळेत काय घडलं ते गुरुजींना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कुठे काढलं नाही, आणि पोरांच्या बोलण्याकडे लक्ष देतो कोण? गाव वाईट बोललं असं नाही. पण बोलावणी थांबली. केळव्याहून दुसरी सुईण यायला लागली. दारासमोरून लगबगीने पावलं गेली की गोजराबाई कान टवकारायची, पावलं पुढे गेली की पुन्हा तांदूळ निवडायला घ्यायची. दिसत नव्हतं, बोटांनी खडे शोधायची.

महिनाभरातच इंदुमतीबाई शाळेत हजर झाल्या. रजा उरली होती, पण घरात बसवेना म्हणाल्या. गुरुजींनी नर्मदेला वर्ग परत सोपवताना चार्जाची यादी करायला सांगितली. तिने पिशवीत हात घातला आणि तोच कागद हाताला लागला, घडी घातलेला, कोरा. दुसरा कागद मागता आला असता. पण इंदुमतीबाई समोर उभ्या होत्या, चेहरा ओढलेला, आणि नर्मदेला तिथून लवकर सुटायचं होतं. तिने त्याच कागदावर लिहिलं: हजेरीपत्रक एक, छडी एक, नकाशे दोन, खडूची पेटी अर्धी. इंदुमतीबाईंनी खाली सही केली.

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या आईंना सांगा, माझा राग नाही. म्हातारं माणूस. पण त्यांनी तुम्हाला बोलवायला हवं होतं हो त्या दिवशी."

आता इथे तरी? एवढी संधी देवाने पुन्हा तोंडाशी आणून ठेवली होती!

"हो," नर्मदा म्हणाली. "बोलवायला हवं होतं."

दिपोट्यांचा शेरा फुकट गेला नाही. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं होतं, बोईसरला कुठकुठचे लोक येऊन राहिले होते आणि त्यांच्या पोरांसाठी वर्ग वाढत होते. दीडेक वर्षाने नर्मदेला तिथे जागा मिळाली, आधी बदलीवर, मग पक्की. ती आईला घेऊन बोईसरला चाळीतल्या एका खोलीत राहायला गेली. तिथे गोजराबाई कोण होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारी हिंदी बोलणारे, घाटावरचे, नाना तऱ्हांचे लोक. सगळे तिला 'बाईंची आई' म्हणायचे. नर्मदा रोज ठरवायची, आज आईजवळ बसायचं, आज तो विषय काढायचा. सकाळी शाळेची घाई असायची, संध्याकाळी वह्या असायच्या. सुट्टीत आई झोपलेली असायची.

अडुसष्ट साली पलीकडच्या खोलीतली झुंबर, साताऱ्याकडची, अडली. नवरा टॅक्सी शोधायला धावला आणि बायका भिंतीपलीकडे नुसत्या गलका करत होत्या. नर्मदा वह्या तपासत बसली होती, ती ताडकन उठली.

"आई, चल. तू हात लाव, मी बघते. टॅक्सी येईपर्यंत तरी. मी आहे ना तुझ्यासोबत!"

गोजराबाई खाटेवर उठून बसली. भिंतीकडे कान लावून तिने झुंबरचं कण्हणं ऐकलं. एक कळ, मग दुसरी. तिची बोटं गोधडीवर आपोआप हलायला लागली होती, नर्मदेने स्वतः बघितलं. मग ती थांबली.

"तुला शाळा असंल ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. खरोखर काळजीने विचारत होती. "जा तू. उशीर करू नको. सायेब-बियेब आला म्हंजे?"

"आई, आज रविवार आहे."

गोजराबाईने ऐकलं. मग "हां?" म्हणाली आणि दोन्ही हात गोधडीखाली घेतले.

बाहेर टॅक्सी आली, झुंबरला घेऊन गेली. नर्मदा खाटेजवळ खाली बसली. तिने गोधडीत हात घालून आईचे हात शोधले, तेच ऊबदार हात, आणि म्हणाली, "आई, त्या दिवशी लाडकीने निरोप नीट दिला होता. मीच आले नाही."

"ठाऊक हाय गो," गोजराबाई म्हणाली. "झुंबरचं पानी कसं होतं, बघितलंस का?"

नर्मदेने बघितलं नव्हतं.