जागा रिकामी नाय

आमच्या वाळूजच्या कारखान्यात सोयरेबापूंशी नुसती ओळख असणं शक्यच नव्हतं. माणूस दिसला की बापू आधी त्याचं नातं लावत आणि मग त्याला पाणी विचारत. सकाळी रुजू झालेला नवा वॉचमन दुपारच्या चहापर्यंत कुणाचा तरी साडू झालेला असे. कॅन्टीनच्या बाई सगळ्यांच्या आत्या. हिशेब खात्यातले किरकिरे गृहस्थ चुलते, कारण बापूंच्या मते, "चुलता नसला तर घरात खोडा कोण घालंल?" बापूंचं खरं नाव काय, ते लोक कधीच विसरले होते.

बापू स्टोअरचे प्रमुख होते, गंगापूरकडचे. घरी ऊस, बैल, सगळं होतं. नोकरी केवळ माणसं भेटतात म्हणून. त्यांच्या कामाचं कौतुक करावं असं काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. चार नट मागायला गेलेला माणूस आईच्या गुडघ्यापासून थोरल्याच्या सोयरिकीपर्यंत सगळं सांगून परत येई आणि नट तिथंच राहत. दुपारी जेवणानंतर ते खोक्यांच्या आडोशाला पडत, आणि त्यांना उठवायला जाणाराही तिथंच टेकत असे.

मी तिथं कामगार अधिकारी. पुण्याहून पदविका घेऊन आलेलो आणि वाळूजच्या मे महिन्यात टाय लावणारा. माणसं कशी जोडावीत यावर मी परीक्षेत चांगली सोळा पानं खरडली होती. त्यामुळे कारखान्यातली माणसं आता माझीच वाट पाहत असणार, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

मी आलो तेव्हा प्रेस शॉप आणि पेंट शॉप यांच्यातून विस्तव जात नव्हता. प्रेस शॉपचे इसाकभाई खुलताबादचे, पेंट शॉपचा साहेबराव सिल्लोडकडचा, आणि दोघेही सारखेच तापट. हे पत्रे वाकडे देतात म्हणून तो बोंबलायचा, तो रंग धड लावत नाही म्हणून हे. मी दोघांना केबिनमध्ये समोरासमोर बसवून सुसंवादावर तासभर बोललो. बाहेर पडल्या पडल्या त्यांनी जिन्यातच एकमेकांची कॉलर धरली.

मग बापू मधे पडले. दोघांना स्टोअरमध्ये नेऊन म्हणाले, "इसाकभाई, हा पत्रा म्हंजी तुमच्या घरची लेक. तुमी तिला घडवता. साहेबरावाकडं तिला हळद लागती अन् तिथंच ती नांदती. तुमी मुलीवाले, ह्यो मुलावाला. व्याह्याव्याह्यांत कॉलर धरत्यात व्हय?" दोघेही आधी हसले. पण नातं लागलं ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून साहेबराव खराब माल घेऊन स्वतः यायचा आणि अदबीनं म्हणायचा, "व्याही, लेकीला जरा ओरखडा हाय." इसाकभाई ओशाळून म्हणायचे, "माफ करो व्याही, घाईत झालं." खराब माल कमी झाला. वरच्या साहेबांनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली आणि मीही ती निमूटपणे थोपटून घेतली.

पण माझं स्वतःचं काय? सगळ्यांना नाती मिळाली आणि मी आपला नुसता 'साहेब'. एकदा लाज सोडून विचारलंच, "बापू, आपलं काही नातं लावा की." बापूंनी मला खालीवर न्याहाळलं. "थांबा साहेब. जागा रिकामी नाय." हे वाक्य मी रोज गेटवरच्या उमेदवारांना ऐकवत होतो. ऐकून घेणाऱ्याला ते कसं लागतं, ते तेव्हा कळलं.

मी हसण्यावारी नेलं, पण मनातून खट्टू झालो. माझं घर लांब, लग्न झालेलं नाही, संध्याकाळी खोलीवर बोलायला भिंत. आणि इथं दीडशे माणसं एकमेकांना 'अरे', 'ए', 'काय बे' करत होती. मी गेलो की सगळे उठून उभे राहत. खुर्ची पुसून देत, पहिलं ताट मला, पापड मला दोन. ही सगळी माझ्या हुद्द्याची जरब, असं मी समजत होतो. पण खरं सांगतो, कुणीतरी मला एकदा 'अरे' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

आपल्याला कुणी जवळ घेत नाही म्हटल्यावर मी अधिकारी करतो तेच केलं. कार्यक्रम ठरवला. दौलताबाद रस्त्यावरच्या एका मळ्यात 'संघभावना दिवस'. पुण्याहून शिट्टीवाले प्रशिक्षक आणले. सगळ्यांना पिवळ्या टोप्या घातल्या. बापू टोपी घालून माणसामाणसाच्या कानाशी लागून काहीतरी सांगत फिरत होते. पुढारीपण करताहेत झालं, असं मला वाटलं.

पहिला खेळ विश्वासाचा. एकानं डोळे मिटून मागं पडायचं, बाकीच्यांनी झेलायचं. आधी मीच उभा राहिलो. अजून नीट कललोही नव्हतो, तोच अख्खा कारखाना धावला. कुणी बगलेत हात घातला, कुणी डोकं धरलं, आत्याबाईंनी तर किंकाळी फोडली. प्रशिक्षक खूश झाले. माझी तर छाती फुगली. म्हटलं, आपला विश्वास आहे हो लोकांचा!

मग रस्सीखेच. मी हौसेनं प्रेस शॉप विरुद्ध पेंट शॉप अशी जोडी लावली होती. शिट्टी वाजली. दोरखंड हलेचना. पुन्हा शिट्टी. इसाकभाई दोर हातात धरून नुसते उभे. "ओढा की!" मी ओरडलो.

"ओढायचं कसं साहेब? आमी मुलीवाले."

"मग साहेबराव, तू ओढ!"

"व्याह्याला चारचौघांत मातीत फरफटवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

दोन्हीकडून "आधी तुमी", "नाय नाय, तुमी" सुरू झालं. शेवटी दोन्ही फळ्या चालत मधल्या रेघेवर आल्या, दोर खाली ठेवला, आणि व्याह्यांची गळाभेट होऊन सगळे जेवायला बसले. "यांच्यात ईर्ष्याच नाही," असं म्हणून प्रशिक्षकांनी शिट्टी खिशात घातली. मी तोंड लपवायला पाण्याच्या टँकरमागे गेलो, तर बापू तिथं ताट घेऊन हजर. "खा साहेब. झ्याक झाला कारेक्रम." चेष्टा की माया, काही कळेना.

बापू निवृत्त झाले त्या दिवशी मी हार घालताना शेवटचं विचारलं, "आता तरी?" ते माझा हात दाबून हसले. "जागा रिकामी नाय म्हणलं ना." आणि गंगापूरच्या जीपमध्ये बसून गेले.

नंतर ते फारसे जगले नाहीत. तेराव्याला आम्ही कारखान्याची बस करून गेलो. मांडवात पंगत बसत होती. बापूंचा मुलगा लगबगीनं पुढं आला आणि हात जोडून म्हणाला, "दाजी, इकडं या. पाटावर बसा."

मी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"तुमालाच म्हणतोय दाजी. आमाला बहीण नाय. बापू म्हणायचे, लेक नाय दिली देवानं, पर जावई लई रुसका दिला."

मी इसाकभाईंकडं पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, "पूरे कंपनीला मालूम होतं साहेब. तोंडावर कोण म्हणणार? जावई रुसला तर? त्या दिवशी मळ्यात बापू एकेकाला सांगत होते, जावयाची हौस हाय, पुरवा. अन् पडू देऊ नका, नाक कापलं जाईल."

दोन पापडांचा उलगडा मला तिथं, तेराव्याच्या मांडवात झाला. माझी जरब, माझा हुद्दा, माझ्यावरचा विश्वास! जागा रिकामी नव्हती, कारण तिच्यावर पहिल्या दिवसापासून मीच टाय लावून बसलो होतो. हसू आलं. पण बापूंना एकदाही मामंजी म्हणता आलं नाही.

पाट मांडला होता. भोवती रांगोळीही होती. मी गेलो, आणि पाटाशेजारची वरणाची बादली उचलली.

"दाजी, जावई वाढत नसतो!" मुलगा धावला.

"असू दे," मी म्हणालो. "आज नाही बसायचं मला."

बाह्या सरसावल्या आणि पंगतीत शिरलो. पहिल्याच पानावर वरण भाताऐवजी पत्रावळीबाहेर गेलं. दुसऱ्या पानापाशी डोळे भरून आले, काही दिसेना, तसाच बादली धरून थांबलो. तेवढ्यात पंगतीच्या त्या टोकाहून इसाकभाईंचा आवाज आला.

"ए! वरण आण की इकडं! कव्हाचा नुसता उभाय!"

"आलो, आलो," म्हणत मी पळत सुटलो.