पेणचा गणपती, रोह्याची जीप आणि मनालीचा बर्फ

"तुझी ती जीप बर्फात चालंल काय गो?" दादाने पेणहून फोनवर विचारलं, तेव्हाच मी ओळखलं की आपण मनालीला चाललोय. बर्फाचं मला कौतुक होतंच, पण खरं कारण होतं मनू, आमची धाकटी बहीण. तिने मनालीजवळच्या गावातल्या विक्रमशी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हापासून दादाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. यंदा तिच्या घरी पहिल्यांदाच माघी गणपती बसणार होता. "मूर्ती दादाच्या हातचीच हवी, आणि आणायचीही त्यानेच," असा निरोप तिने माझ्याकडे दिला. दादाने ऐकून घेतलं. सरळ आपल्या गणपतीच्या कारखान्यात गेला आणि शाडूची वीतभर मूर्ती घडवायला बसला.

पहाटे रोह्याहून निघाले, अष्टमीचा पूल ओलांडून नागोठण्यामार्गे पेण गाठलं. दादा खोकं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसला तो मनालीपर्यंत तिथेच. खोक्यात पेंढा, पेंढ्यात बाप्पा. शिवाय रंगाच्या बाटल्या आणि पिशवीभर शाडू, "लागला तर असू दे" म्हणून. उदयपूर, जयपूर, चंदीगड असे मुक्काम केले. राजस्थानचे रस्ते इतके सरळ की झोप येते, तेव्हा चहाला थांबत राहा. दादाला प्रत्येक ढाब्यावर भात हवा असायचा आणि प्रत्येक ढाब्यावर त्याचा हिरमोड व्हायचा. "ह्यांच्या भाताला वासच नाय," हे मी गुजरातपासून हिमाचलपर्यंत ऐकलं.

मंडीच्या पुढे विक्रमचा फोन आला. "वैशूदीदी, रात को बर्फ गिरी है. चेन लगवा लेना. और याद रखना, फोर-बाय-फोर गाड़ी को चलाता है, रोकता नहीं." मी हो हो म्हटलं. दादाने विचारलं, "काय सांगतोय?" "काळजी करतोय," म्हटलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

आता माझी चूक सांगते, कारण आपल्याकडची माणसं ती हमखास करणार. मी गाडी शिकले रोह्याजवळच्या खांब गावच्या शेतरस्त्यावर. पावसाळ्यात तिथल्या चिखलात एकच नियम: ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा नाही. उचललात की रुतलात. वाटेत चाकांना गुंडाळायच्या लोखंडी चेन भाड्याने मिळत होत्या, त्या मी घेतल्या खऱ्या, पण डिकीत टाकल्या. फोर-व्हील आहे ना, चारही चाकांना जोर, मग!

मनूच्या गावाचा शेवटचा चढ सावलीत होता. बर्फावरून गाड्या जाऊन जाऊन तो काचेसारखा झालेला. निम्म्यावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"दामट गो!" दादा मागून ओरडला.

मी दामटली. चारही चाकं एकदम भिरभिरली आणि जीप मागे, मग तिरकी घसरायला लागली. ब्रेक करकचून दाबला तर अजूनच जोरात. डावीकडे ओढा दिसत होता. नशीब, उजवीकडे साचलेल्या बर्फाच्या ढिगाला जाऊन टेकलो. गाडीला ओरखडाही नाही. पण खोकं दारावर आपटलेलं मी ऐकलं होतं.

दादाने पेंढा बाजूला केला. बाप्पाचा उजवा कान तुटून पडला होता.

"फिरव गाडी," तो म्हणाला. "इतक्या वर्सांनी तिच्या दारात जायचं आन मोडका गणपती घेऊन? लोकं काय म्हणतील तिच्या सासरची?"

मला रडू यायच्या बेतात होतं, त्याऐवजी राग आला. "दरवर्षी गिऱ्हाइकांना काय सांगतोस? प्रतिष्ठापना होईतो ती माती, दुरुस्त करून देतो. मग बहिणीलाच नाही का?"

त्याने तुटलेला कान पेंढ्यात जपून ठेवला आणि खोकं बंद केलं. मी खाली उतरून डिकीतून चेन काढल्या. दोघांनी गारठलेल्या बोटांनी, शिव्या घालत त्या चढवल्या. नंतर लो रेंज, म्हणजे वेग कमी नि ताकद जास्त, पहिला गिअर, आणि ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकलेला. वळणावर स्टिअरिंग हळू, ब्रेकला हात जोडायचे, वेग इंजिनालाच धरू द्यायचा. थांबायचं झालंच तर सपाटी बघून. जीप मुंगीसारखी चढली. वर कोरडा रस्ता लागला की फोर-व्हील काढा, नाहीतर गिअरबॉक्सची वाट लागते.

मनू दारातच उभी होती. मोठी दिसत होती, सुनेसारखी. सासूबाई मागे. दादाने तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, झालं, आता हा परत जीपमध्ये जाऊन बसतो.

"मने," तो म्हणाला, "माती भिजव."

ती काही न विचारता पिशवी घेऊन आत गेली. लहानपणी कारखान्यात तेच काम तिच्याकडे असायचं. मळताना तिने डोळे मनगटाने पुसले तेव्हा दादा म्हणाला, "पाणी जास्त होतंय," आणि ती हसायला लागली. त्याने मोडलेल्या जागी ओरखडे काढले, मातीचा पातळ काला लावला, कान बसवला. सासूबाई मूर्ती खोली गरम ठेवायच्या तंदूरजवळ ठेवायला निघाल्या तर भाऊबहीण एकदम किंचाळले: लवकर सुकली तर तडकेल! दुसऱ्या दिवशी रंग चढला. चतुर्थीला विक्रमच्या अख्ख्या गावाने मोडक्यातोडक्या मराठीत आरती म्हटली. मनूने मोदक केले, नारळ रोह्याहून आम्हीच नेला होता. दादाने विक्रमला पहिला मोदक दिला आणि दुसराही.

घरी येऊन आता महिना झाला. चिखलात अजून दामटते, बर्फात कधीच दामटणार नाही. जाणार असाल तर चेन डिकीत नको, चाकांवर.

परवा पेणला गेले होते. एक जुनं गिऱ्हाईक दादाला विचारत होतं, "मधी कुठं गेलतास रे, कारखाना बंद होता?" दादाने हात पुसले, मोबाइल काढला आणि बर्फातल्या त्या घराचा फोटो पुढे केला.

"हे आमच्या मनूचं सासर," तो म्हणाला. "लय चांगली माणसं हायेत."