आमच्या कातळात हिरा नसतो

मी कल्याणच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. घरचे म्हणतात, दगड शिकवते, आणि ते काही अगदीच चूक नाही. माझा थोरला भाऊ सापगावला भातशेती करतो. आईवडील गेल्यापासून दादा-वहिनी हेच माझं माहेर.

गेल्या उन्हाळ्यात दादाने खाचरात विहीर खणायला घेतली. पाणी लागलं नाही. सुरुंगाने काळा कातळ फुटला आणि आत पोकळी निघाली, टोकदार, पाण्यासारख्या स्वच्छ खड्यांनी भरलेली. आमच्याकडच्या कातळात अशा पोकळ्या हव्या तितक्या. घावनाला जाळी पडते तसे थंड होणाऱ्या लाव्ह्यात वाफेचे बुडबुडे अडकतात, आणि पुढे झिरपत्या पाण्यातून लाखो वर्षं त्यांत गारगोटीचे स्फटिक वाढत राहतात. दिसायला देखणे, बाकी काही नाही.

पण दादाने मोबाइलवर पाहिलं होतं की हिरा ज्वालामुखीच्या दगडात असतो. ते खरंच आहे, हीच तर पंचाईत. आणि आपले डोंगर ज्वालामुखीचे, हे तर तो शाळेतच शिकला होता. त्याने एक खडा खिडकीच्या काचेवर ओढला. काचेवर रेघ उठली. झालं, खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच.

"हिऱ्याबिगर काच कापते का गो?" मी रविवारी गेले तेव्हा त्याने विचारलं.

"गारगोटीनेपण कापते, दादा. काच तिच्यापेक्षा मऊच असते."

त्याचा चेहरा असा उतरला की माझा जीव तुटला. तरी मी बोलत राहिले, गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही. म्हटलं, आपला लाव्हा जमिनीच्या लांबलचक भेगांतून आला आणि थरावर थर पसरत गेला. हिरा तयार होतो त्याच्या कितीतरी खाली, दीडशे किलोमीटरवर, भयंकर दाबाखाली. त्याला वर आणणारा वितळलेल्या दगडाचा रस वेगळाच. तो अरुंद नळीतून सुसाट येतो. वाटेत रेंगाळला तर हिऱ्याचं पेन्सिलीतलं शिसं होतं, नाहीतर हिरा त्या रसातच विरघळून जातो. आपल्या कातळाने तसलं काही वर आणलेलंच नाही.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी खणायचं सोडलं की तू जमिनीत वाटा मागणार, म्हणून सांगतेस ना?"

सख्ख्या भावाने असं बोलावं? मी ताटावरून उठले आणि तडक आसनगाव स्टेशन गाठलं.

त्यानंतर विहीर खाली जायची ती आडवी जायला लागली. चकाकी जाईल तिकडे दादा. निघालेला दगड टाकायचा कुठे, तर खाचरात. आमच्या आजोबा-पणजोबांनी बांध घालून, वाहून जाणारा गाळ अडवून ती वीतभर माती केलेली. तिच्यावर कातळाचे ढीग पडले. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत शेजारची खाचरं हिरवी झाली आणि वहिनी लोकांच्या आवणीला मजुरीने गेली. हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी रडले. रागाने की दुःखाने, देव जाणे.

दिवाळीच्या आधी दादाचा फोन आला. शहापूरच्या सराफाने खडे पाहून नुसती मान हलवली होती. "तुझंच खरं गो," तो म्हणाला. "मग तो नळीवाला दगड गावतो कुठं?"

मला केवढा आनंद झाला! इतक्या वर्षांत भावाने पहिल्यांदा माझा विषय मला विचारला होता. मी भरभरून बोलले. मध्य प्रदेशात पन्नाकडे असतो म्हटलं. तिथे साधी माणसंसुद्धा जमिनीचा तुकडा घेऊन खणतात, गोटे धुऊन चाळतात. कुणाला एखादा मिळतो, बहुतेकांचा जन्म जातो. हे शेवटचं मी ठासून सांगितलं. त्याने बहुधा तेवढंच ऐकलं नाही.

भाऊबीजेला गेले तर दादा घरात नाही. वहिनी म्हणाली, "गेले पन्नाला. तुमी सांगितलंत ना." तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं.

आता त्याचे फोन कमी कमी होत चाललेत. आला तरी तेच, आज नाय, उद्या बघू. इथे होता तोवर मी त्याला छातीठोकपणे सांगू शकत होते की नाही, नसतो. तो भांडला, तोडून बोलला, पण निदान रोज संध्याकाळी घरी जेवायला तरी येत होता.

परवा वहिनीने विचारलं, "ताई, तुमी शिकलेल्या. खरं सांगा, तिथं असतो का हो हिरा?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. जमलं नाही. म्हटलं, "असतो."

ती म्हणाली, "मग ते आता यायचे नाय."